शेजारणीच्या कपाटातली अंबाडी

अंबाडीच्या पानाला हाताच्या पंजासारखी बोटं असतात, त्या बोटांच्या कडेला बारीक करवत असते, आणि पान चावलं की दात आंबतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी नीट बघितल्या आणि तिसरी सोडून दिली. तेवढ्यावरून माझ्या लेकाचं ग्रीन कार्ड जायची पाळी आली होती.

लेक तेव्हा रेडमंडला होता, तिथल्या बहुतेकांसारखा सॉफ्टवेअरमध्ये. सूनही त्याच कामातली, आणि नात दुसरीत. मी गेले ती हिवाळा संपता संपता. तिकडचा हिवाळा म्हणजे पाऊस, पण तो आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नव्हे, गळक्या नळासारखा. ऊन पडलं तर लोक एकमेकांना फोन करून सांगायचे. सकाळी लेक आणि सून दोन गाड्या घेऊन दोन दिशांना जायचे, नात पिवळ्या बसनं शाळेत, आणि मी मागच्या काचेच्या दारापाशी माझ्या मिरचीच्या कुंडीशेजारी बसायची.

घरात त्या दिवसांत ग्रीन कार्डाचं चालू होतं. किती वर्षं चालू होतं ते विचारू नये. बोटांचे ठसे देऊन झाले होते आणि आता नुसती वाट बघायची होती. वाट बघून बघून लेक अगदी भित्रा झाला होता. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी स्टॉपच्या पाटीशी गाडी पुरती थांबवायचा, उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा, पुन्हा उजवीकडे. एकदा मी ग्रोसरीच्या दुकानात एक द्राक्ष तोंडात टाकलं तर त्याचा चेहरा पांढराफटक.

"आई, प्लीज. बिल होईपर्यंत ते आपलं नाही."

"अरे, आंबट आहे का बघायला नको?"

"आंबट असलं तर असू दे. कार्ड येईपर्यंत सगळं गोड मानून खा."

मागच्या अंगणाला लाकडी कुंपण होतं, माझ्या हनुवटीइतकं. पलीकडे एक बाई एकटी राहायची. साधारण माझ्याच वयाची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. एकेकाळी चांगली दणकट असणार, पण मी बघितली तेव्हा अंगावरचा स्वेटर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. डोक्यावर लोकरी टोपी, घरातसुद्धा. "कॅन्सर आहे त्यांना," सून म्हणाली, "किमो चालू आहे." मी एकदा कुंपणावरून तिला तूप घालून मऊ भात दिला. तिनं वाटी हातात घेतली, वास आला तशी मान फिरवली, आणि इतक्या अजिजीनं परत केली की मलाच लाज वाटली. अन्नाचा वास आला तरी पोटातून उलटून येतं, हे तिनं हातानं दाखवलं. तसंही आमचं बोलणं हातांनीच चालायचं. माझं इंग्रजी म्हणजे पाच-पंचवीस नामं, क्रियापदं हातवाऱ्यांत.

एक दिवस पाऊस थांबला म्हणून मी कुंडी बाहेर काढली आणि मिरचीचा शेंडा खुडला. झाड सरळसोट वर चाललं होतं, कमरेला काही नाही. शेंडा गेला की खालच्या पानांच्या बगलेतून दोन-दोन फुटवे येतात आणि झाड डेरेदार होतं, हे काही शिकायला शाळेत जावं लागत नाही. माझी आई अंबाडीच्या ओळीतून चालता चालता शेंडे खुडायची आणि म्हणायची, "हिचं डोकं उडवलं की ही रागानं चार हात काढते."

शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. मी दुसरा शेंडा खुडला तशी तिनं मला थांब अशी खूण केली आणि स्वतःची बोटं माझ्यापुढे धरली. औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. स्वेटरचं बटणही लागत नव्हतं. तिच्याकडेही झाडं आहेत, असंच करायला हवंय, पण हातांना काही समजत नाही, मी येईन का? "माय मेडिसिन," ती म्हणाली.

मला कोण आनंद झाला! त्या देशात मला कुणी कशाला बोलावलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि गेले.

तिच्या घरात मागच्या खोलीला लागून कपड्यांचं मोठं कपाट होतं, माणूस आत जाऊन उभं राहील असं. तिनं दार उघडलं आणि माझे डोळेच दिपले. आत कपडे नव्हते. भिंती पांढऱ्या रंगवलेल्या, वरून लोंबता दिवा, जणू मे महिन्याची दुपार आणून टांगलीय. कोपऱ्यात टेबलफॅन मान फिरवत होता. खाली कुंड्या होत्या आणि कुंड्यांत अंबाडी.

अंबाडी! सात समुद्र ओलांडून गेलेल्या बाईला तिथं माहेरचं माणूस उभं दिसावं तसं झालं मला. तीच लांब बोटं, तीच करवत, तोच सरळ ताठ देठ. मी पानाला हात लावला आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. शेजारणीला वाटलं दिव्यानं आलं असेल. तिनं मला काळा चष्मा आणून दिला.

अंबाडी कपाटात का, असा प्रश्न मला पडला नाही का? पडला, आणि त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलं. बाहेर ऊन नाही, बिचारी लावणार कुठं? आमच्या सुनेनंसुद्धा गॅरेजात ट्यूबलाइटखाली टोमॅटोची रोपं धरली होती. आणि औषध म्हणाली तर बरोबरच आहे, तोंडाची चव गेलेल्याला आंबटासारखं औषध नाही. मी एक पान तोडून चघळलं. आंबट नव्हतं. गवतासारखं, थोडं कडवट. तर त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. त्या देशात लिंबाएवढ्या स्ट्रॉबेऱ्यांना वास नव्हता, लालबुंद टोमॅटोला चव नव्हती, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं. मग अंबाडीच्याच अंगी आंबटपणा कुठून येणार? अमेरिकेतली अंबाडी ती!

झाडांची दशा मात्र बघवत नव्हती. एकेक काठीसारखी वर चढलेली, मधला शेंडा दिव्याला टेकायला आलेला, आणि खाली अंधारात पिचकी पिचकी पिल्लं. एक दिवा आणि तो वरून. जो उंच तो सगळा प्रकाश पिणार, बाकीचे उपाशी. मी मधल्या शेंड्यावर बोट ठेवून कात्रीची खूण केली. शेजारणीनं डोळे गच्च मिटून घेतले, ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक मिटतात तसे. मी नखानं शेंडा खुडला. तिनं एक डोळा उघडला. मी हसले, तीही हसली.

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. खालची पिचकी पिल्लं काढून टाकली, उगाच झाडाचं रक्त पितात. वरच्या फांद्या हळूहळू बाहेरच्या बाजूला वाकवल्या आणि कुंडीच्या काठाला बांधल्या, म्हणजे सगळे शेंडे एका उंचीवर येतील आणि दिव्यासाठी भांडणार नाहीत. पंगतीत वाढताना जसं बघतो ना, शेवटच्या पानापर्यंत पोचलं पाहिजे, तसंच ते. बांधायला मी माझी जुनी सुती साडी फाडली, सुतळी देठाला कापते म्हणून.

एक फांदी मात्र माझ्या हातून कडकन मोडली. शेजारीण पलंगावर पडली होती ती धडपडत आली. मी मोडलेला भाग जुळवून वर चिंधी गच्च आवळली, आणि आम्ही दोघी त्या फांदीकडे बघत बसलो, दवाखान्याबाहेर बसतात तसं. फांदी मेली नाही. काही दिवसांनी तिथं गाठ धरली आणि तीच सगळ्यांत जोमानं वाढली. शेजारणीनं त्या गाठीवर आपलं बधिर बोट फिरवलं आणि मग स्वतःच्या छातीवरच्या टाक्यांकडे बोट दाखवलं. मी तिच्या स्वेटरचं सुटलेलं बटण लावून दिलं.

एकदा खूप शेंडे निघाले. ती ते टाकून द्यायला निघाली तर माझा जीव कळवळला. कोवळी लुसलुशीत भाजी! "आय टेक?" मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं माझ्या गुडघ्याकडे बोट केलं. मी तिथं बसता-उठताना 'आई गं' करायची ते तिनं ऐकलं होतं. गुडघे दुखतात का, असं ती विचारत होती. दुखतच होते, मी मान हलवली. तिला पटलं. पिशवी भरून दिली आणि माझा हात धरून दोनदा बजावलं, हळू, थोडं थोडं. मला वाटलं दारातल्या ओल्या पायरीबद्दल म्हणतेय.

घरी येऊन मी तुरीची डाळ आणि तांदळाच्या कण्या शिजवल्या, शेंडे उकडून पिळून त्यात घातले, वरून लसणाची आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी. वाटीभर चाखून बघितली. चिंच घालावी लागली. पण वासानं घर कसं भरून गेलं! भाकरीला पीठ मळत होते तेवढ्यात नात दूध घ्यायला आली. ओट्यावरच्या चाळणीत थोडे कच्चे शेंडे उरले होते. तिनं एक उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"आजी," ती म्हणाली, "दॅट्स ड्रग्ज."

"नाही गं बाळा, भाजी आहे ती."

"नो. ऑफिसरनं चित्र दाखवलं. असंच लीफ, आणि वर रेड लाइन."

त्यांच्या वर्गात आठवड्याला एक पोलीस यायचा, मुलांना चांगल्या-वाईट गोष्टी सांगायला. मी हसत होते. एवढ्यात लेक आणि सून पाठोपाठ घरात शिरले. लेकानं आधी वास घेतला आणि चेहरा फुलला. "आई, अंबाडी?" मग त्यानं लेकीच्या हातातला शेंडा बघितला, आणि तो फुललेला चेहरा माझ्यासमोर असा मिटला की आजही आठवतो.

"आई, हे कुठून आणलंस?"

"शेजारणीकडून. कपाटात लावलीय तिनं."

"कपाटात अंबाडी कोण लावतं, आई?"

"अरे, इथं ऊन कुठंय?"

सून शेंडा घेऊन कॉम्प्युटरपाशी गेली. ती परत आली ती भिंतीला धरून. "आई," ती म्हणाली, "गांजा आहे हा."

माझ्या हातातला पिठाचा गोळा परातीत पडला. गांजा! गांजा मला माहीत होता तो चिलमीतला. गावाबाहेरच्या देवळामागं गोसावी बसायचे, त्यांच्या धुराच्या बाजूनंसुद्धा आम्ही पोरी नाकाला पदर लावून पळायचो. त्या धुराला झाड असतं, झाडाला पान असतं आणि ते पान अंबाडीसारखं असतं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. जन्मात मी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. आणि मी गांजाला लसणाची फोडणी दिली होती! परक्या देशात, लेकाच्या स्वयंपाकघरात, ग्रीन कार्डाच्या तोंडावर!

"तू खाल्लीस?" लेकानं विचारलं.

"वाटीभर. मीठ बघायला."

"मिठाला वाटीभर लागते?"

मला खुर्चीवर बसवलं. आता मला चढणार म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते आणि मीही आत लक्ष देऊन बसले होते, कुठून चढतंय ते. सून माझ्यापुढे वाकली. "आई, काही होतंय का? गरगरतंय?"

"छातीत जळजळतंय."

"ते चिंचेनं," ती म्हणाली, आणि मग तिला जे हसू फुटलं ते तिला आवरेना. लेक तिच्यावर खेकसला. "हसतेस काय! पोलीस आले तर काय सांगणार? आईनं भाजी केली?"

"तेच सांगणार ना! खरं तेच आहे."

लेकानं भाजी कचऱ्यात टाकू दिली नाही. कुणी बघितली तर? त्या लोकांच्या मोरीत खाली चक्की असते, उष्टं-खरकटं दळून टाकणारी. त्यानं सगळी कढई तिच्यात ओतली, वर उरलेले शेंडे, देठांसकट, आणि बटण दाबलं. चक्की घुरघुरली, कण्हली आणि बंद पडली. आता अंबाडीच्या देठाचा दोर वळतात हे मला माहीत होतं. याच्याही देठात तसेच चिवट धागे निघाले. ते चक्कीला गुंडाळून बसले होते. नळदुरुस्तीवाल्याला बोलवायची सोय नव्हती. माझा इंजिनिअर लेक ऑफिसच्या कपड्यांत मोरीखाली उताणा झोपला आणि टॉर्च तोंडात धरून गांजाचे धागे ओढत बसला.

तिथूनच त्यानं फर्मान काढलं. "आई, उद्यापासून त्या घरात पाय टाकायचा नाही. त्यांचं त्यांना. आपल्या घरातलं कुणी तिथं दिसलं तर कार्ड विसरा. मग सामान बांधा सगळे."

सुनेनं तोवर वाचून काढलं होतं. कोवळ्या शेंड्यांत नशा फारशी नसते, ती पुढं तुऱ्यांत उतरते. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर आजारी माणसाला घरात अशी झाडं ठेवायला तिथलं राज्य हरकत घेत नव्हतं. पण देशाचा कायदा वेगळा, आणि कार्ड देणार देश.

मग सगळ्यांचं लक्ष नातीकडे गेलं. ती दूध पीत शांत उभी होती.

"हे कुणाला सांगायचं नाही हं," लेक म्हणाला.

"बट ऑफिसर म्हणाला, टेल अ ग्रोन-अप यू ट्रस्ट."

"तू आम्हाला सांगितलंस ना?" सून घाईनं म्हणाली. "झालं की मग."

नातीनं विचार केला. "माय टीचर इज ऑल्सो अ ग्रोन-अप आय ट्रस्ट."

लेक मोरीखालून बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी गेले ती रागानंच गेले होते. हिनं मला काय करायला लावलं! शेजारीण नेहमीसारखी आली. मी पानाच्या आकाराची बोटं केली, तोंडाकडे नेली, कढईत उलथनं फिरवल्याची खूण केली. "आय कुक. डिनर."

तिला आधी कळेना. मग कळलं. "विथ गार्लिक?" तिनं विचारलं, कारण तो वास तिच्यापर्यंत गेला होता. मी मान हलवली. ती कुंपणाला धरून इतकी हसली की टोपी पडली, आणि तिचं ते केस नसलेलं डोकं बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. हसू ओसरल्यावर तिनं सांगितलं. गोळ्या दिल्या तर त्याही उलटून पडतात. मागच्या झाडांचं वाळवलेलं थोडं उरलंय, ते घेतलं की तासाभरानं एक टोस्ट पोटात राहतो. तोच तिचा दिवसाचा घास.

मी तिला सांगितलं, "माय सन. ग्रीन कार्ड. आय नो कम." हे सांगायला मला पाच-पंचवीस नामं पुरली. तिनं लगेच मान हलवली. वाईट वाटल्याचं दाखवलं नाही, उलट माझा हात थोपटला. पण मग ती आपल्या बोटांकडे बघत आत गेली, आणि मला दिसायला लागलं पुढचं. फांद्या रोज वाढणार, बांधलेल्या सुटणार, शेंडे दिव्याला भिडून करपणार. आणि तिचा तो टोस्ट?

दोन्हीकडून माझाच जीव जात होता. लेकाचं इतक्या वर्षांचं तप एकीकडे, एका बाईचा घास एकीकडे, आणि मध्ये ते हनुवटीएवढं लाकूड.

मिरचीकडे बघता बघता मला सुचलं. मी कुंडी उचलून कुंपणाशी नेऊन ठेवली आणि तिला हाक मारली. मग आमच्या बाजूला उभी राहून, आमच्या मिरचीची फांदी मी हळूहळू वाकवली. अंगठा कुठं ठेवायचा, कुठवर वाकेल, कुठं कुरकुरेल. गाठी तिला मारता येणार नव्हत्या, म्हणून साडीच्या काठाचे तयार फास करून ठेवले, नुसते अडकवायचे. ती बघायची, आत जायची, बऱ्याच वेळानं परत यायची आणि हातानं सांगायची, जमलं किंवा नाही जमलं. नाही जमलं तर पुन्हा मिरची. त्या मिरचीनं माझ्या हातून जे सोसलं ते कुठल्या मिरचीनं सोसलं नसेल.

एका शनिवारी लेक काचेचं दार सरकवून बाहेर आला.

"आई, काय चाललंय?"

"मिरची."

"आणि त्या काय बघतायत?"

"मिरची."

"आणि त्या चिंध्या?"

"चिंध्यांवर कायदा आहे का, बघ तुझ्या कॉम्प्युटरवर."

पलीकडे शेजारीण एक फास बोटांत धरायला बघत होती आणि तो पुन्हा पुन्हा खाली पडत होता. लेक ते बघत उभा राहिला, मग गाडी काढून गेला. परत आला तो कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेऊन. पाकीट कुंपणाच्या खांबावर ठेवलं, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बोटांनी गाठ नाही बसत, पण चिमटा दाबता येईल त्यांना," आणि आत गेला.

असं सगळं मार्गी लागलंय असं वाटत असतानाच शाळेतून फोन आला. लेकाच्या ऑफिसात. बाईंना आजींविषयी बोलायचंय, आजींना घेऊन या.

लेक भर दुपारी घरी आला. मी त्याला असा कधी बघितला नव्हता. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "सांगितलं तिनं." मी कपाटातली त्यातल्या त्यात बरी साडी नेसले. सून तिच्या ऑफिसातून परस्पर निघाली. लेक स्टॉपच्या पाटीशी थांबला तो थांबूनच राहिला, मागच्यानं हॉर्न वाजवेपर्यंत. शाळेच्या दारात पोलिसांची गाडी उभी होती. माझ्या मनात एकच, मला परत पाठवा, आत्ताच्या विमानानं पाठवा, पण याला काही करू नका.

बाई दारातच भेटल्या. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि खूप काही बोलल्या. मला काही कळलं नाही, पण सून माझ्या शेजारी एकदम भिंतीला टेकली.

"काय गं? काय म्हणतायत?"

"आई... हिनं वर्गात सांगितलं, माझी आजी मिरचीला साडी नेसवते म्हणून. त्यांना तुम्ही मुलांना करून दाखवायला हवंय. बी पेरायचा धडा चालू आहे."

लेक मटकन खाली बसला. मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून.

वर्गाच्या भिंतीवर ते चित्र होतंच. हिरवं पान, पाच-सात बोटं, आणि वरून लाल रेघ. त्याच्या बरोब्बर खाली टेबल मांडलेलं, टेबलावर बाईंनी आणलेलं मिरचीचं रोप. वर्गाच्या मागे तो पोलीस हाताची घडी घालून उभा. त्याचा तास माझ्यानंतर होता. मी शेंडा खुडला तेव्हा पोरं "ओऽऽ" करून ओरडली. फांदी वाकवली, फास अडकवला. पोरांना रांगेनं एकेक फास लावू दिला.

पोलिसाला काय वाटलं कोण जाणे, तो पुढे आला आणि नातीपाशी गुडघ्यावर बसला. तुझी आजी हे कुठं शिकली, त्यानं विचारलं. एवढं इंग्रजी मलाही कळलं.

नातीनं माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. माझ्या मागे लेकाच्या खुर्चीचा आवाज झाला.

"ऑन हर मॉम्स फार्म," ती म्हणाली. "विथ अंबाडी. इट्स अ व्हेजिटेबल. इट्स रियली सावर."

पोलिसानं 'अंबाडी' म्हणून बघितलं, त्याला जमलं नाही, आणि सगळा वर्ग त्याला तो शब्द शिकवायला लागला.

घरी येताना सून तिची गाडी तिथंच ठेवून आमच्याबरोबर बसली. मग लेक एकदम म्हणाला, "खोटं नाही बोलली ती." सून म्हणाली, "एक शब्द नाही." नात मागे फास हातात गुंडाळत बसली होती.

कार्ड यायचं तेव्हा आलं, मी परत आल्यावर. पण मला आठवते ती त्याआधीची एक संध्याकाळ. शेजारणीची झाडं कापून, वाळवून झाली होती. फांद्यांना असे तुरे आले होते म्हणे, की चिमटे कमी पडले. मी ते बघायला गेले नाही. कुंपणावरून वरणभात दिला, नेहमीच्या सवयीनं, परत येणार हे धरून. तिनं वास घेतला आणि मान फिरवली नाही. उभ्याउभ्याच चमच्यानं खाल्ला, वाटीच्या तळाला चमचा लागेपर्यंत. मग कडेला मी ठेवलेली लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली. तिचे डोळे बारीक झाले, खांदे कानांना भिडले. मला वाटलं, गेलं आता सगळं उलटून.

तिनं रिकामी वाटी पुढे केली आणि फोडीकडे बोट दाखवलं. अजून हवी होती.

मी वळले तर लेक दारातच उभा होता. बघत होता वाटतं. "थांब, मी आणतो," म्हणाला, आणि आत जाऊन लोणच्याची बरणीच घेऊन आला.